बुलेटबाबा ते तनोट : थरच्या वाटेवर पैसे कुठे जातात?

पालीहून जोधपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर चोटिला गावाजवळ काचेच्या पेटीत एक बुलेट उभी आहे. नंबर आरएनजे ७७७३. हँडलला झेंडूचे हार, पुढ्यात अगरबत्त्यांचा धूर, शेजारच्या झाडाला लाल धागे. ओमसिंह राठोड, म्हणजे इथल्या भाषेत ओम बन्ना, १९८८ साली याच झाडावर गाडी आदळून गेले. पोलिसांनी गाडी ठाण्यात नेऊन ठेवली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा अपघाताच्या जागी. टाकीतले पेट्रोल काढून पाहिले, तरी तेच. तेव्हापासून हे बुलेटबाबा. ट्रकवाले इथे हॉर्न वाजवल्याशिवाय पुढे जात नाहीत आणि काही भक्त चक्क दारू वाहतात. सुरक्षित प्रवासासाठी नवस बोलायचा आणि नैवेद्याला बाटली ठेवायची, हे फक्त आपल्याच देशात जमते.

दर्शनाला तिकीट नाही. नारळ, धागा, अगरबत्ती धरून शंभर रुपयांच्या आत काम होते. पण जोधपूरहून इथे येऊन परत जायचे तर शंभर किलोमीटर गाडी पळवावी लागते, आणि किलोमीटरला तेरा रुपयांच्या भावाने त्याचे तेराशे होतात. थरच्या वाळवंटातल्या सगळ्या सहलीचा हिशेब या एका थांब्यात आला. तिथे पाहण्याला पैसे पडत नाहीत, दोन गोष्टींच्या मधल्या मोकळ्या जागेला पडतात. एकटा जैसलमेर जिल्हा ३८ हजार चौरस किलोमीटरचा आहे. आपला अहिल्यानगर हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा, तो १७ हजारांचा. हे न कळल्यामुळे माणसे हॉटेलच्या खोलीत दोनशे रुपये वाचवायला तासभर घासाघीस करतात आणि गाडीवाल्याकडे पाच हजार सोडून येतात.

खालचे आकडे चार जणांसाठी, सहा दिवस-पाच रात्रींसाठी, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या हंगामातले आहेत. दर सरकारी नाहीत, अंदाजपत्रक मांडायला धरायचे आहेत. पंधरा-वीस टक्के इकडेतिकडे होणारच.

पोचायचे कसे

मुंबईकरांसाठी बांद्रा टर्मिनसहून सुटणारी सूर्यनगरी एक्सप्रेस सोयीची. दुपारी बसायचे, सकाळी जोधपूर. पुणेकरांना पूर्वी आठवड्याच्या गाडीची वाट पाहावी लागे; २०२५ पासून हडपसरहून जोधपूरची रोजची गाडी आहे. थ्री टायर एसीचे एका बाजूचे तिकीट तेराशे-चौदाशेच्या घरात जाते, स्लीपरचे त्याच्या निम्म्याहून कमी. थंडीत स्लीपरने जाणार असाल तर शाल नव्हे, ब्लँकेट न्या. आरक्षण आता साठच दिवस आधी खुले होते, त्यामुळे चार महिने आधी ‘तिकिटे काढून ठेवू’ हा जुना शहाणपणा चालत नाही. विमानाने यायचे तर जोधपूरच बरे. जैसलमेरची विमाने मुख्यतः थंडीच्या हंगामापुरती असतात.

चौघांचे जाऊन-येऊन ११,२०० रुपये धरा.

गाडी : सगळ्या खर्चाचे मूळ

जोधपूरमध्ये टॅक्सीवाला पहिल्यांदा सांगतो तो दर किलोमीटरचा. साधी सेडान १२-१३ रुपये, मोठी गाडी १५ ते २०. ऐकायला स्वस्त वाटते. खरी मेख पुढच्या वाक्यात असते आणि ते वाक्य तो आपणहून उच्चारत नाही : रोजचे किमान २५० किलोमीटर. तुम्ही साठ किलोमीटर फिरा नाहीतर दिवसभर किल्ल्यात बसा, मीटर २५०च धरला जातो. वर ड्रायव्हरचा भत्ता दिवसाला तीनशे ते पाचशे. शिवाय गाडी जैसलमेरला सोडून दिलीत तरी तिचा जोधपूरपर्यंतचा रिकामा परतीचा प्रवास तुमच्याच खात्यावर.

आता दोन पर्याय मांडून पाहू. पहिला : जोधपूरची गाडी तीन दिवस घ्यायची, जैसलमेरला सोडायची, पुढे तिथली स्थानिक टॅक्सी करायची. प्रत्यक्ष धाव साधारण ४७० किलोमीटर, परतीचे २८५, म्हणजे ७५५. पण परतीचा दिवस धरून चार दिवस झाले, तेव्हा पैसे हजार किलोमीटरचे. १३ रुपयांनी १३,०००, भत्ता चारशेप्रमाणे १,६००. मग जैसलमेरहून तनोटची टॅक्सी साडेचार हजार आणि कुलधरा-समची अडीच हजार. एकूण २१,६००, आणि जोधपूरला परतायचे रेल्वे तिकीट वेगळे.

दुसरा : तीच गाडी सहाही दिवस ठेवायची. धाव ११५५ किलोमीटर, आकार १,५०० चा. १९,५०० अधिक भत्ता २,४००, म्हणजे २१,९००. फरक तीनशे रुपयांचा! त्यातून सामान उतरवा-चढवायची कटकट नाही, स्टेशनवर रिक्षाशी हुज्जत नाही. मी दुसराच पर्याय घेईन. शिवाय ३४५ किलोमीटर असे उरतात, ज्यांचे पैसे तुम्ही भरलेत पण जे वापरले नाहीत. त्यांचा उपयोग पुढे सांगतो.

टोल, पार्किंग सरसकट १,२०० धरा. दर ठरवताना टोल आत की बाहेर, रात्री उशिरा गाडी चालवल्यास जादा भत्ता किती आणि ड्रायव्हरच्या राहण्याची सोय कुणाकडे, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. इसार देताना दहा-वीस टक्क्यांच्या पुढे जाऊ नका.

पहिला दिवस : बुलेट आणि शमी

ओम बन्नाचे दर्शन घेऊन येताना महामार्ग सोडा आणि खेजडलीला जा. जोधपूरपासून पंचवीसेक किलोमीटरवरचे हे लहानसे गाव कुठल्याच ‘पॅकेज’मध्ये नसते. खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो, पांडवांनी जिच्यावर शस्त्रे लपवली म्हणतात, ती. १७३० साली जोधपूरच्या अभयसिंहाच्या कारकिर्दीत चुना भाजायला लाकूड हवे म्हणून दरबारची माणसे इथली खेजडीची झाडे तोडायला आली. अमृतादेवी नावाच्या बिश्नोई बाईने झाडाला मिठी मारली आणि प्राण दिला. तिच्या मुलींनी तेच केले. मग आसपासच्या गावांतून लोक येत राहिले. ३६३ माणसे गेली, तेव्हा कुठे कुऱ्हाड थांबली. झाड वाचणार असेल तर शिर देणे स्वस्तच पडते, असा हिशेब त्या बाईने मांडला होता, ही आठवण बिश्नोई आजही सांगतात. खर्चाचे मार्गदर्शन लिहिताना हा हिशेब मध्ये आला की पेन जरा थांबते.

तिथे स्मारक आहे, झाडी आहे, मोर आहेत, बाकी शांतता. तिकीट नाही. भाद्रपद शुद्ध दशमीला जत्रा भरते, पण तेव्हा ऊन फार.

संध्याकाळी जोधपूरला मिरची वडा आणि मावा कचोरी खा. एका माणसाचे शंभर-सव्वाशे रुपये आणि रात्रीच्या जेवणाची भूक संपते, म्हणजे तेही पैसे वाचले. जोधपूरला बऱ्यापैकी स्वच्छ खोली दीड हजारात मिळते. मेहरानगडासाठी वेगळा दिवस हवा. तो या लेखाचा विषय नाही.

दुसरा दिवस : उरलेले किलोमीटर आणि जयाप्पा शिंदे

सरळ वाट जोधपूर-ओसियां-फलोदी, दीडशे किलोमीटरच्या आत. ओसियांची आठव्या ते बाराव्या शतकांतली देवळे पाहून दुपारी फलोदीला निवांत पोचता येते. पण गाडीचे ३४५ किलोमीटर पडून आहेत ना? मग पहाटे सहाला निघा आणि नागौरवरून वळसा घाला. जोधपूर-नागौर १३५, तिथून खींवसर, ओसियां करून फलोदी. दिवसाची धाव तीनशेच्या थोडी वर जाते, जादा पडतात सुमारे १७०, आणि त्याचे एक रुपयाही वेगळे भाडे नाही.

नागौरला मराठी माणसाचे काम आहे. गावालगतच्या ताऊसरला जयाप्पा शिंद्यांची छत्री आहे. महादजींचे हे थोरले सावत्र भाऊ. मारवाडच्या गादीच्या भांडणात रामसिंहाची बाजू घेऊन त्यांनी विजयसिंहाला नागौरच्या किल्ल्यात कोंडले होते. १७५५ च्या जुलैत वाटाघाटीच्या निमित्ताने छावणीत शिरलेल्या मारेकऱ्यांनी त्यांना ठार केले. वेढा दत्ताजींनी पुढे चालवला, तेच दत्ताजी जे पुढे पाच वर्षांनी बुराडी घाटावर पडले. पानिपतावर आपण शेकडो पुस्तके वाचतो, पण नागौर हे नाव किती जणांना आठवते? पाट्या शोधत बसू नका. गावात ‘मराठा सरदार की छतरी’ म्हणून विचारा. तिकीट नाही, अर्धा तास पुरतो. आणि हो, मारवाडात मराठ्यांची आठवण खंडणीवाले म्हणून आहे, तेव्हा तिथे उभे राहून पराक्रमाची भाषणे नकोत.

मुक्काम फलोदीला. हे गाव दोन गोष्टींसाठी ओळखले जाते : निवडणुकीच्या आकड्यांवर चालणारा इथला सट्टाबाजार, आणि १९ मे २०१६ ला नोंदले गेलेले ५१ अंश तापमान. हॉटेले साधी, बाराशेत खोली. इथेच राहण्याचा आग्रह का, ते पहाटे कळेल.

तिसरा दिवस : करकोचे, कापडी घोडे, भुईखालची पुस्तके

फलोदीपासून पाच किलोमीटरवर खीचन. मंगोलिया आणि मध्य आशियाच्या गवताळ पट्ट्यांतून येणारे कांड्या करकोचे, इथल्या बोलीत कुरजां, हजारोंच्या संख्येने थंडी इथे काढतात. गावातल्या जैन कुटुंबांनी त्यांच्यासाठी ‘चुग्गाघर’ नावाचे कुंपण घातलेले अंगण केले, रोज सकाळी तिथे धान्य टाकले जाते. उजाडता उजाडता आकाशात रांगा दिसू लागतात, आवाज कानात मावत नाही, आणि तासाभरात अंगणभर राखाडी माना. शेजारच्या घरांच्या गच्च्यांवरून चांगले दिसते. २०२५ च्या जूनमध्ये खीचनला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. तिकीट नाही. दाण्यासाठी ऐच्छिक देणगी द्या. चौघांनी पाचशे दिले तर ते या सहलीतले सर्वांत सत्कारणी पाचशे. जोधपूरहून त्याच दिवशी आलात तर दुपार होते आणि पक्षी तलावांकडे पांगलेले असतात. म्हणून फलोदीची ती साधी खोली.

पुढे रामदेवरा. बाबा रामदेवांना हिंदू देव मानतात आणि मुसलमान रामसा पीर. नवसाला कापडाचे घोडे वाहतात. वीतभर घोड्यापासून माणसाएवढ्या घोड्यापर्यंत सगळे आकार दुकानांत टांगलेले. छोटा घोडा शंभर-दीडशेला येतो आणि मुलांना आवडतो. भाद्रपदात चुकूनही जाऊ नका, पदयात्रेकरूंनी रस्ते भरलेले असतात.

पोकरण तिथून बारा किलोमीटर. १९७४ आणि १९९८ च्या अणुचाचण्यांमुळे नाव जगभर झाले. अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकर दोन्ही वेळा त्या कामात होते. मात्र स्फोटाची जागा लष्करी हद्दीत आहे, पर्यटकाला तिथे प्रवेश नाही. ‘साहब, वो जगह दिखा देंगे’ म्हणणारा भेटलाच तर त्याला चहा पाजा, पैसे देऊ नका. त्यापेक्षा पोकरणची चमचम घ्या.

पोकरण-जैसलमेर रस्त्यावरून भादरियाचा फाटा फुटतो. देवीच्या देवळाच्या आवारात जमिनीखाली ग्रंथालय आहे. भादरिया महाराज म्हणून ओळखले जाणारे हरवंशसिंह निर्मल यांनी ते उभारले. लांबच लांब भुयारी दालने, काचेची कपाटे, त्यांत लाखांनी मोजायची पुस्तके. वर रणरणते ऊन आणि खाली गारवा. वाचक फारसे दिसत नाहीत, हे खरे. वाळवंटाच्या मधोमध पुस्तके पुरून ठेवावीशी वाटणारा माणूस मात्र मला ताजमहाल बांधणाऱ्यापेक्षा जवळचा वाटतो. उतरण्याआधी देवळात विचारा, कुलूप असेल तर उघडून देतात. याच लाठीच्या परिसरात माळढोक अजून तग धरून आहे. सोलापूरच्या नान्नजला ज्याच्यासाठी आपण अभयारण्य केले आणि जो तिथून जवळपास नाहीसा झाला, तोच. इकडे त्याला गोडावण म्हणतात आणि तो राज्यपक्षी आहे. महामार्गावरून तो दिसेल अशी आशा नको.

जैसलमेरला दोन रात्री. किल्ल्यात राहू नका. ११५६ साली रावळ जैसलने वसवलेल्या या किल्ल्यात आजही वस्ती आहे आणि हॉटेलांच्या सांडपाण्याने टेकडीचा पायाच खचत चालला आहे. शिवाय आत गाडी जात नाही, सामान उचलायचे पैसे वेगळे. खाली गावात गच्चीवरून किल्ला दिसणारी खोली अठराशेत मिळते, आणि किल्ला दिसतो बाहेरूनच. बाजारात बंगाली पाट्या दिसतील, चक्रावू नका : सत्यजित राय यांचा ‘सोनार केल्ला’ १९७४ साली आला, तेव्हापासून बंगाली माणसाची ही पंढरी झाली. दुकानांनाही त्या चित्रपटातल्या मुकुलचे नाव.

चौथा दिवस : तनोटचा फेरा

जैसलमेर-रामगढ-तनोट-लोंगेवाला-रामगढ-जैसलमेर हा फेरा साधारण २७० किलोमीटरचा. रामगढला टाकी भरून घ्या. पुढे पंपाच्या आणि मोबाइलच्या रेंजच्या भरवशावर राहू नये. पाण्याचा एक पूर्ण खोका गाडीत असू द्या, गावात घेतला तर छापील किमतीत मिळतो.

तनोटच्या देवळात १९६५ च्या युद्धात पडलेले आणि न फुटलेले तोफगोळे मांडून ठेवलेत. देवीच्या कृपेने ते फुटले नाहीत अशी श्रद्धा. पूजाअर्चा सीमा सुरक्षा दलाचे जवान पाहतात; आरतीला ढोलक वाजवणारा गणवेशातला माणूस इतरत्र कुठे दिसत नाही. नवसाला रुमाल बांधायचा, तो घरूनच न्या. दर्शनाला भारतीयांना परवाना लागत नाही. थेट सीमारेषेवर बबलियांवाला चौकीपर्यंत जायचे असेल तर सीमा दलाचा पास लागतो आणि त्यासाठी प्रत्येकाचे मूळ आधारकार्ड हवे. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका.

लोंगेवालाला ४-५ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंह चांदपुरी आणि २३ पंजाबचे सव्वाशेच्या आत जवान रणगाड्यांपुढे उभे राहिले, आणि उजाडल्यावर हवाई दलाची हंटर विमाने आली. ताब्यात घेतलेले पाकिस्तानी रणगाडे तिथेच ठेवलेत. ‘बॉर्डर’ चित्रपट पाहून गेलेल्यांना जागा लहान वाटते. तिथे उभे राहून चारी बाजूंना पाहा. आडोसा नावाची वस्तूच नाही, हे कळायला तेवढे पुरते.

पाचवा दिवस : भूत आणि तंबू

कुलधरा जैसलमेरपासून अठरा-वीस किलोमीटर. तिकीट माणशी थोडके, गाडीचे वेगळे. चौघांचे गाडीसह दोनशे धरा. पालीवाल ब्राह्मणांचे हे भरले गाव एकोणिसाव्या शतकात ओस पडले. दिवाण सालिमसिंहाची नजर गावच्या मुलीवर पडली, चौऱ्याऐंशी गावे एका रात्रीत उठली आणि जाताना शाप देऊन गेली, ही कथा प्रत्येक गाइड दोनशे-तीनशे रुपयांत सांगतो. तीच कथा फाटकावरचा चहावाला दहा रुपयांत सांगतो, वर चहा मिळतो. अभ्यासक पाण्याचे दुर्भिक्ष आणि जाचक कर यांकडे बोट दाखवतात. २०१७ च्या ‘करंट सायन्स’मधल्या एका लेखात भूकंपाची शक्यता मांडली आहे. पडक्या भिंती आणि कोसळलेली छते पाहताना ती पटण्यासारखी वाटते.

भुतापेक्षा थक्क करणारी गोष्ट पालीवालांची खडीन. दगडाळ उतारावरून वाहणारे पावसाचे पाणी मातीच्या लांब बांधाने अडवायचे, ते जमिनीत मुरू द्यायचे आणि त्या ओलीवर थंडीत गहू-हरभरा काढायचा. वर्षाला जेमतेम दीड-दोनशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात! अनुपम मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूँदें’मध्ये या पाणीशास्त्राबद्दल लिहिले आहे. गाइडला ‘खडीन दाखवा’ म्हणा. दाखवता आली तर तो खरा गाइड. ‘रात्री भूत दाखवतो’ म्हणणाऱ्याला मात्र वाटेला लावा. सूर्यास्ताच्या सुमारास फाटक बंद होते.

जवळच खाभा किल्ला आहे, पायऱ्यांवर मोर असतात. जीवाश्मांचे वेड असेल तर बाडमेर रस्त्यावरचे आकल पाहा, अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके. ज्यांना वेड नाही त्यांना ते दगडच दिसतील, तेव्हा जबरदस्ती नको.

आता समच्या वाळूच्या टेकड्या. पैसे सर्वांत जास्त इथेच गळतात. जैसलमेर सोडले की मोटारसायकलवरची पोरे गाडीला गाठतात, खिडकीशी येऊन कॅम्पचे पत्रक नाचवतात. यांना लपके म्हणतात. २०१० च्या राजस्थान पर्यटन व्यवसाय कायद्याने पर्यटकांमागे लागणे गुन्हा ठरवले आहे, पण पोरांना ते कुणी सांगितलेले दिसत नाही. काच खाली करू नका, एवढेच.

तंबूचा दर माणशी दीड ते साडेतीन हजार, नाताळात दुपटीवर. त्यात ‘उंटसफारी, जीपसफारी, लोकसंगीत, जेवण’ सगळे लिहिलेले असते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा फोटोतल्या पांढऱ्या तंबूसाठी निम्मे पैसे आधी भरले होते. पोचल्यावर ‘वो कॅम्प फुल हो गया, ये उसीका भाई है’ म्हणून रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला नेले. नळाला पाणी नव्हते आणि उंटसफारी दहा मिनिटांची निघाली. चूक माझीच : पावतीवर कॅम्पचे नाव नव्हते. तेव्हापासून मी चार गोष्टी लिहून मागतो. कॅम्पचे नाव आणि नकाशावरचे ठिकाण; उंटावर किती वेळ, आणि एका उंटावर दोघे की एकटा; जीप धरलेली आहे की नाही, कारण तिथे पोचून घेतली तर एका जीपचे दोन-अडीच हजार जातात; आणि दर कर धरून आहे का. साडेसात हजारांच्या आतल्या खोलीला आता पाच टक्के जीएसटी आहे, जुन्या बारा टक्क्यांनी बिल लावले तर हटका. रेस्टॉरंटच्या बिलातला ‘सर्व्हिस चार्ज’ देणे बंधनकारक नाही. कुणी ऐकलेच नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. नुसते नाव काढले तरी बऱ्याचदा काम होते.

गाणे मात्र ऐका. मांगणियार कलावंत मुसलमान, त्यांचे यजमान पिढ्यान्‌पिढ्या राजपूत. कामायचा आणि खडताल घेऊन बसले की डीजे बंद करायला सांगा. बक्षीस कॅम्पच्या पेटीत न टाकता त्यांच्या हातात द्या.

सहाव्या दिवशी समहून जोधपूर, सव्वातीनशे किलोमीटर. वाटेत जैसलमेरचे लष्करी युद्धसंग्रहालय आणि संध्याकाळी गाडी.

बेरीज

रेल्वे ११,२००. टॅक्सी टोलसकट २३,१००. राहणे, दोन खोल्यांप्रमाणे जोधपूर ३,०००, फलोदी २,४००, जैसलमेर दोन रात्री ७,२००, समचे तंबू माणशी २,२०० प्रमाणे ८,८००, मिळून २१,४००. जेवणखाण माणशी रोज पाचशेने १२,०००. तिकिटे, देणग्या, गाइड, नारळ, कापडी घोडा : २,५००. एकूण ७०,२००, माणशी साडेसतरा हजारांच्या आसपास. जे पाहायला गेलो त्याचा खर्च यात साडेतीन टक्के. खरेदी यात नाही. सुकी सांगरी, म्हणजे त्याच शमीच्या शेंगा, तिचा भाव सुक्या मेव्याशी स्पर्धा करतो हे दुकानात शिरण्याआधी माहीत असू द्या.

दोघेच जाणार असाल तर टॅक्सी तेवढीच पडते आणि माणशी खर्च साडेतेवीस हजारांवर जातो. समचा तंबू गाळून तीच रात्र जैसलमेरला काढली तर चौघांचे ५,२०० वाचतात. वाळू पाहायची तर संध्याकाळी जाऊन परत या. माझे मत विचाराल तर तंबू गाळा, खीचन गाळू नका.

एकट्याने जाणाऱ्याने टॅक्सीचा विचारच सोडावा. जोधपूर-जैसलमेर रेल्वे ओसियां, फलोदी, रामदेवरा याच क्रमाने जाते. फलोदी स्टेशनवरून खीचनला रिक्षा मिळते. भादरिया आणि ताऊसर सुटतील, तनोटला जैसलमेरच्या हॉटेलात दुसरे प्रवासी गाठून टॅक्सी वाटून घ्यावी लागेल, पण सगळी सहल दहा-अकरा हजारांत बसते.

तारखांचे एकच सांगतो. पंचवीस डिसेंबर ते एक जानेवारी आणि माघ पौर्णिमेच्या मरु महोत्सवाचे दिवस टाळा, तेव्हा वर दिलेले खोल्यांचे दर विसरावे लागतील. जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा धरा. रात्री पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो, हॉटेलवाले दर उतरवतात आणि करकोचे तेव्हाही खीचनलाच असतात.